बंद बटणावर टॅब थांबायला हवा की नको?

सह्यकडा
मी पूर्ण अंध आहे. एका पतसंस्थेत काम करते, दिवसभर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून. नव्या सॉफ्टवेअरमध्ये खातं उघडण्याच्या फॉर्मवर सगळे आवश्यक रकाने भरेपर्यंत 'जतन करा' बटण डिसेबल, म्हणजे दाबता न येणारं असतं. विंडोजमध्ये डिसेबल बटणावर फोकसच (कीबोर्ड ज्यावर चालतो ती जागा) जात नाही. त्यामुळे टॅब दाबत गेलं की पत्ता, पिनकोड, वारसदार, 'रद्द करा' आणि पुन्हा पहिला रकाना. 'जतन करा' असं काही तिथे आहे हे कळायला मार्ग नाही. शेजारच्या सहकाऱ्याला ते राखाडी दिसतं, त्याला लगेच समजतं की काहीतरी भरायचं राहिलंय.
माझं म्हणणं, बटण कायम चालू ठेवा. दाबल्यावर काय राहिलं ते सांगा आणि फोकस थेट त्या रकान्यात नेऊन ठेवा.

खिडकीकर
असहमत. मी असली सॉफ्टवेअरं लिहितो. जे आत्ता चालत नाही तिथे टॅब थांबत नाही, हा विंडोजचा जुना संकेत आहे आणि लोकांच्या बोटांत तो बसलाय. काउंटरवरच्या माणसाची नजर कागदावर असते, स्क्रीनवर नाही. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काळापासून एंटर मारत पुढे जाणारी मंडळी आजही आहेत, त्यांना एकही फुकटचा थांबा खपत नाही. शिवाय ताई, एनव्हीडीएमध्ये ऑब्जेक्ट नॅव्हिगेशन आहेच की. फोकस न हलवता डिसेबल बटणसुद्धा त्याने वाचता येतं.

सह्यकडा
येतं, पण ते शोधायला जावं असं वाटायला हवं ना! नवीन मुलीला मी आधी टॅब शिकवते. ऑब्जेक्ट नॅव्हिगेशन बऱ्याच नंतर येतं.
आणि विंडोजच्या संकेताचंच म्हणाल तर साधा मेनू उघडून खालचा बाण दाबत जा. राखाडी 'पेस्ट'वरही बाण थांबतो, आणि एनव्हीडीए ते उपलब्ध नसल्याचं सांगतो. मेनूत जी सोय आहे ती फॉर्मवर का नको?

उजवा_खांदा
मी डोळस आहे, पण हातामुळे माउस धरता येत नाही. एनव्हीडीए वापरत नाही, त्यामुळे ऑब्जेक्ट नॅव्हिगेशनचा मला उपयोग शून्य.
मला याहून मोठा त्रास वेगळाच आहे. दोनदा जतन होऊ नये म्हणून प्रोग्रामर दाबल्या दाबल्या बटण डिसेबल करतो. फोकस त्याच बटणावर होता! विन३२ या विंडोजच्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या डायलॉगमध्ये मग कीबोर्ड मेल्यासारखा होतो, टॅबही चालत नाही. विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने बनवलेल्या फॉर्ममध्ये फोकस आपोआप पुढच्या रकान्यावर किंवा बटणावर सरकतो, आणि पुढे असतं 'रद्द करा'. माझं बोट चुकून दोनदा दबलं की दुसरा स्पेसबार तिथे पडतो. हे फार गंभीर आहे, कृपया हसण्यावारी नेऊ नका.

खिडकीकर
हे शंभर टक्के मान्य. आधी फोकस सुरक्षित जागी हलवायचा, मग डिसेबल करायचं. हा क्रम चुकला तर तो बग आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण मूळ मुद्द्यावर ठाम आहे. ज्या कारकुनाला कर्ज मंजुरीचा अधिकारच नाही त्याच्यापुढे 'मंजूर करा' चालू दाखवणं ही त्याची फसवणूक आहे.

कलम_वाचक
नियमांपुरतं बोलतो. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा २.१.१ हा निकष म्हणतो की सगळी कामं कीबोर्डने करता आली पाहिजेत. डिसेबल बटण माउसनेही दाबता येत नाही, त्यामुळे इथे निकषाचा भंग होत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत पुरेसा फरक मागणाऱ्या १.४.३ मधूनही निष्क्रिय घटकांना सूट आहे. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि आयएस १७८०२ हे डिजिटल सुलभतेचं भारतीय मानक समोर ठेवून निविदा लिहिणाऱ्यांनी नुसत्या निकषांवर बरोबरच्या खुणा करून थांबू नये. अंध कर्मचाऱ्याला बसवून एक खातं उघडून घ्या, तेवढ्यात हा प्रश्न वर येईल.

सह्यकडा
खिडकीकर, अधिकार नसेल तर बटण लपवा, माझी हरकत नाही. मी बोलतेय अर्धवट भरलेल्या फॉर्मबद्दल. आणि वेगाचं म्हणाल, तर 'जतन करा' सगळ्या रकान्यांच्या शेवटी असतं. तिथवर पोचलेल्या माणसाला दाबायचंच असतं ते. मग फुकटचा थांबा नेमका कुठला?

खिडकीकर
शेवटी असेल तर फरक पडत नाही, खरं. आमच्याकडे ते वरच्या टूलबारमध्ये आहे आणि तिथून हलवायला ग्राहक तयार नाही. टूलबारला एकच टॅब थांबा देऊन आत बाणांनी फिरायची सोय करता येईल, आणि तिथे डिसेबल बटणावरही बाण थांबू दे. एवढं मी करीन. फॉर्मवर मात्र अजूनही नाही.