तान्ह्या मुलीला घेऊन पेठांमध्ये फिरताना फोनवर छायाचित्रे कशी काढावीत?

शनिवारातली_आई

नमस्कार. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे आणि बाळंतपणाच्या रजेचे सहा आठवडे उरले आहेत. पुण्यात शनिवार पेठेत राहायला येऊन मला तीन वर्षे झाली, पण नोकरीच्या धावपळीत घर ते बसथांबा यापलीकडे हा परिसर मी कधी पाहिलाच नव्हता. मुलगी पहाटे उठते. तिची टाळू भरून, सातच्या सुमारास तिला छातीशी कॅरिअरमध्ये बांधून मी बाहेर पडते आणि दहा-पंधरा मिनिटांत ती झोपते. बाबागाडीचा प्रयत्न एकदाच केला, कारण पदपथावर दर चार पावलांवर एक तर पायरी तरी असते किंवा उभी केलेली दुचाकी. झोपलेल्या बाळासह मिळणारा हा अर्धा-पाऊण तास माझ्यासाठी फार मोलाचा झाला आहे, आणि त्यात मी फोनने छायाचित्रे काढू लागले आहे.

अडचणी अशा आहेत. छायाचित्रे धूसर येतात आणि दिव्यांपासून लांब रेघा निघालेल्या दिसतात. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचे कोरीव लाकडी खांब माझ्या छायाचित्रात मागे कलल्यासारखे येतात. एक हात सतत मुलीच्या पाठीशी असल्यामुळे फोन नीट धरता येत नाही. शिवाय लोकांच्या वाड्यांच्या चौकात डोकावून छायाचित्र घेणे मला प्रशस्त वाटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कसब्यातला_बाप

माझी दोन्ही मुले कसबा पेठेत लहानाची मोठी झाली आणि दोघांनाही छातीशी बांधून मी या गल्ल्या पायाखाली घातल्या आहेत, त्यामुळे आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

पहिली गोष्ट म्हणजे अर्ध्या तासात शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि मंडई असे सगळे उरकण्याचा बेत करू नका. मी आरंभी तसेच केले, आणि महिन्याभरानंतर पाहिले तर कुणाही पाहुण्याच्या फोनमध्ये असतात तशीच छायाचित्रे माझ्याकडे जमली होती. त्यानंतर मी एकच गल्ली धरली आणि सलग तीन आठवडे तिथेच जात राहिलो. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणत्या दाराच्या कडीवर किती वाजता ऊन येते ते कळू लागले, आठवड्याभराने दुकानाच्या फळ्या काढणारे काका स्वतःहून मुलाची चौकशी करू लागले, आणि ज्या छायाचित्रांसाठी मी आधी धडपडत होतो ती मला सहज मिळू लागली. बाळामुळे आपली चाल आपोआप मंदावलेली असते, तिचा उपयोग करून घ्यावा.

गल्ली निवडायची तर तांबट आळीचा विचार करा. तांब्याचे बंब, हंडे आणि घंगाळी घडवणारी घरे तिथे पेशवाईपासून आहेत. भांडे घडल्यावर त्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन मठारकाम करतात, त्यामुळे धातूला कणखरपणा येतो आणि पृष्ठभागावर वाटोळ्या खुणांच्या ओळी उमटतात. मठारलेला हंडा उंबऱ्याजवळ ठेवलेला असेल तर फोन त्याच्या वीतभर अंतरावर न्या: प्रत्येक खुणेत गल्लीवरच्या आकाशाचा एकेक लहानसा तुकडा दिसतो. मात्र ठोके सुरू झाले की बाळाला घेऊन जवळ थांबू नका. तो आवाज बंद जागेत फार मोठा असतो आणि तान्ह्या कानांना तो सोसणार नाही. काम सुरू होण्याआधी जा, किंवा पलीकडच्या टोकाला उभ्या राहा.

वाड्यांबाबत आपला संकोच योग्य आहे आणि तो तसाच राहू द्यावा. दिंडी दरवाज्याच्या आत पाऊल टाकण्याआधी हाक मारावी, कारण सांगावे, आणि नको म्हटल्यास आभार मानून पुढे जावे. रस्त्यावरून दिसणारी कमान, गणेशपट्टी, झिजलेला उंबरठा यांतही पुष्कळ आहे. ज्यांनी आत बोलावले त्यांना छायाचित्राची एक छापील प्रत नेऊन द्यावी, असा माझा नेम आहे.

छायाचित्राखाली तारीख आणि जागा मात्र न चुकता लिहा. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. ती वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. तिच्यासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण माझ्याकडे तिचे तारीखवार असे एकही छायाचित्र नाही, आणि ही खंत मला अजून आहे.

भिंगवाला

धूसरपणाचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. टाळू भरल्यावर हात कितीही पुसला तरी बोटांना तेल राहते, आणि फोन खिशातून काढताना बोट हमखास भिंगावर पडते. तेलाच्या पातळ थरामुळे प्रकाश पसरतो, त्यामुळे काळा रंग राखाडी दिसतो आणि दिव्यांना शेपट्या फुटतात. चष्मा पुसायचे मऊ कापड कॅरिअरच्या पट्ट्याला बांधून ठेवा आणि प्रत्येक वेळी आधी भिंग पुसा. बाळाचे ओले पुसणे (वेट वाइप) वापरू नका. ते नवा थर सोडते.

खांब कलतात, कारण उंच दर्शनी भाग चौकटीत बसवण्यासाठी आपण फोन वरच्या दिशेने तिरका धरता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जा, रुंद कोनाचा कॅमेरा सोडून मुख्य कॅमेरा वापरा, पडद्यावर जाळीच्या रेषा सुरू करा आणि फोन भिंतीला समांतर धरा. खाली रस्ता जास्त येईल. तो नंतर कापता येतो.

एका हातासाठी आवाज कमी-जास्त करायचे बटण उपयोगी पडते, कारण बहुतेक फोनमध्ये ते दाबल्यावर छायाचित्र निघते. कोपर बरगडीला टेकवा आणि श्वास सोडताना बटण दाबा. अंधाऱ्या बोळातून उजेडाकडे पाहताना उजळ भागावर बोट दाबून धरले की प्रकाशाचे माप तिथे पक्के होते. सावली काळी राहील, पण आकाश पांढरेफटक होणार नाही.

दोन_लेकरांची_माय

छायाचित्रांबद्दल मला फारसे कळत नाही, म्हणून बाळाबद्दल दोन शब्द. कॅरिअरमध्ये तिचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीवर टेकलेली नसावी. फोनकडे लक्ष लागले की नेमके हेच पाहायचे राहते. खालून छायाचित्र घ्यायचे असल्यास कमरेतून वाकू नका, पाठ सरळ ठेवून गुडघ्यात बसा आणि एक हात तिच्या पाठीवर असू द्या. चालता चालता पडद्यात पाहू नये. थांबावे, कडेला व्हावे, मग फोन काढावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट ऊन नको, तेव्हा ऊन चढण्याआधी घरी परता. ज्या छायाचित्रात ती असेल ते कुणाला पाठवण्याआधी त्यातली जागेची नोंद काढून टाका. आपला रोजचा रस्ता आणि वेळ अनोळखी माणसाला कळण्याचे कारण नाही.

शनिवारातली_आई

सर्वांचे मनापासून आभार. भिंग पुसल्यावर पडलेला फरक पाहून मी थक्क झाले. आधीच्या दोन महिन्यांची छायाचित्रे त्या एका बोटाच्या ठशातून घेतलेली होती.

एकाच गल्लीत जाण्याचा सल्लाही मी पाळला. आमच्या घरामागच्या बोळात एक दुमजली वाडा आहे, आठ दिवस रोज त्याच्यासमोरून गेले. सहाव्या दिवशी तिथल्या आजींनी मला हाक मारली, मुलीच्या कानांवरची टोपी नीट केली आणि स्वतःच मला चौकात नेले. वाडा पुनर्विकासाला गेला आहे आणि दिवाळीनंतर त्यांना जागा सोडायची आहे. चौकातल्या तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पणतीच्या काजळीचा जाड, मखमली थर आहे, कारण तिथे त्या बेचाळीस वर्षे रोज दिवा लावत आल्या आहेत. त्याचे छायाचित्र घेतले, पण कोनाडा फार काळा आला. दिवा संध्याकाळी लावतात, म्हणून उद्या मुलीची वेळ बदलून साडेसहाला जाणार आहे. पणतीच्या उजेडात माप ज्योतीवर धरायचे की काजळीवर, एवढे कृपया सांगावे.

भिंगवाला

ज्योतीच्या कडेला, कोनाड्याचा जो भाग पिवळसर उजळलेला असतो, त्यावर धरा. फोन वृंदावनाच्या कट्ट्याला टेकवा आणि तीन-चार वेळा घ्या, कारण ज्योत हलते. एक छायाचित्र आजी दिवा लावत असताना त्यांच्या हातांचेही घ्या, त्यांची परवानगी असेल तर.