.२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा ग्रुप ५० मीटरवर पसरतो आहे. नेमका दोष कसा शोधावा?

सर्व जाणकारांना नमस्कार. मी करवीर तालुक्यातला शेतकरी आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची .२२ बोअरची सेमी-ऑटोमॅटिक (दर गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसांची) रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली. ती कारखान्यातून जशी आली तशीच आहे. नळी, चाप, दस्ता यांपैकी काहीही आजवर बदललेले नाही. गेल्या दिवाळीपासून मी रेंजवर नियमित सराव करतो आहे आणि जिथे अडलो आहे ते येथे सविस्तर मांडतो.

वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, ४ पट दुर्बिणीतून, ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप (एकाच निशाणावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) घेतले, तर ते ४५ ते ६० मिलिमीटरच्या दरम्यान पसरतात. हे अंतर सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेले आहे. माझी अपेक्षा अवास्तव नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर आणि याच ५० मीटरवर. त्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यांची रायफल एकेक काडतूस हाताने भरण्याची, खास स्पर्धेसाठी घडवलेली असते, हे मी जाणतो. म्हणून मला २५ ते ३० मिलिमीटरचा ग्रुप सातत्याने मिळाला तरी समाधान आहे. परंतु काडतूस मुळातच बेभरवशाचे आहे, असे म्हणून मी गप्प बसणार नाही, इतका धडा कोल्हापूरच्या नेमबाजांनी आपल्याला नक्कीच दिला आहे.

दोष माझ्या हाताचा असेल अशी शंका प्रथम मलाच आली होती. म्हणून रेंजवरच्या प्रशिक्षक सरांना विनंती करून त्यांच्याकडून याच रायफलीने चार ग्रुप मारून घेतले. त्यांची सरासरी ४१ मिलिमीटर आली आणि त्याच दिवशी माझी ५२ आली. म्हणजे काही भाग माझा आहे, पण मोठा भाग रायफलीचा किंवा काडतुसांचा आहे.

आजवर लक्षात आलेल्या गोष्टी अशा. मॅगझिन लावून बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) हाताने मागे ओढून भरलेली पहिली गोळी बहुतेक वेळा उरलेल्या चारांपासून वेगळी, उजवीकडे वर लागते. भरलेले काडतूस न उडवता बाहेर काढून पाहिले, तर शिशाच्या गोळीच्या एका बाजूला नखाने ओरखडावे तशी बारीक खूण दिसते. माझी काडतुसे जास्त वेगाची आहेत. खोक्यावर मुखवेग (गोळी नळीतून सुटतानाचा वेग) सेकंदाला ३८० मीटर छापलेला आहे. चापाचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, बाजारातल्या ताणकाट्याने मोजले तर २.७ किलो भरते आणि रायफल स्वतः २.४ किलोची आहे, त्यामुळे शेवटच्या क्षणी निशाण हलते हे मला स्पष्ट जाणवते.

आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. फेब्रुवारीत झिरो केलेली (दुर्बिणीचे निशाण गोळी लागते तिथे जुळवलेली) रायफल जुलैत चार बोटे डावीकडे मारू लागली. आमच्याकडचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. नळी आणि दस्ता यांच्या फटीत दहा रुपयांची नोट सरकवून पाहिली, तर ती उजव्या बाजूने सहज जाते आणि डाव्या बाजूला मध्येच अडते.

चापाला किंवा आतल्या कोणत्याही भागाला मी घरी कानस लावणार नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिरानेच करायचे असते, आणि ते योग्यही आहे. मला विचारायचे आहे ते इतकेच, की कारागिराकडे जाण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासणी करावी? माझ्याकडे वर्षभरासाठी काडतुसे मोजकी आहेत. ती अंदाजपंचे उडवून संपवायची नाहीत.

प्रतिसाद

दादा, आपण मोजमापे घेऊन प्रश्न विचारलात, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. मी बरीच वर्षे रेंजवर शस्त्रांची देखभाल केली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सुरुवात काडतुसांपासून करा. ३८० मीटरने निघालेली गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा वेगवान असते आणि वाटेत त्या वेगाखाली उतरताना डळमळते. सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर मुखवेगाची, म्हणजे स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, दोन-तीन प्रकारची काडतुसे थोडी थोडी घ्या. केवळ गुरुत्वाकर्षणाचा हिशेब केला, तरी दोन गोळ्यांच्या मुखवेगात १५ मीटरचा फरक असेल, तर ५० मीटरवर उंचीत सुमारे एक सेंटीमीटरचा फरक पडतो. म्हणून वेग किती आहे यापेक्षा तो किती एकसारखा आहे याला महत्त्व आहे. प्रकार बदलल्यावर पहिल्या दहा-बारा गोळ्यांवरून मत बनवू नका, कारण नळीत आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर असतो. एखादा छान ग्रुप खिशात ठेवून मिरवण्यापेक्षा पाच ग्रुपांची सरासरी काढा. मंद काडतुसावर बोल्ट पूर्ण मागे जातो ना, हेही पाहा.

पहिली गोळी वेगळी लागते याचे कारण बहुधा आपला हात आहे. बोल्ट हाताने धरून हळूच पुढे नेऊ नका. पूर्ण मागे ओढून सोडून द्या, म्हणजे तो स्वतःच्या स्प्रिंगच्या जोराने बंद होईल आणि काडतूस दरवेळी सारखेच बसेल.

नोटेची चाचणी आपण केलीत, त्यातच जुलैचे उत्तर आहे. ओलाव्याने फुगलेले लाकूड नळीला एका बाजूने रेटते आहे. दस्त्याचा स्क्रू दरवेळी सारखाच आवळला जातो का आणि दुर्बिणीच्या रिंगा घसरल्या नाहीत ना, हे आधी पाहा. दस्त्याची आतली बाजू मोकळी करून घेण्याचे काम कारागिराला सांगा आणि लाकडाला आतूनही तेल द्यायला सांगा.

आता ज्या गोष्टीविषयी आपण काहीच लिहिले नाही, ती विचारतो. वडील नळी कशी साफ करत असत? अशा बहुतेक रायफली मागच्या बाजूने उघडत नाहीत, त्यामुळे लोखंडी गज तोंडाकडून घातला जातो आणि नळीच्या तोंडाची कड झिजते. गोळी नळी सोडते त्या क्षणी कड एका बाजूने खराब असेल, तर मागून येणारा वायू तिरका सुटतो आणि गोळीला धक्का देतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, कापसाचा बोळा नळीच्या तोंडावर आतून बाहेर फिरवा. तंतू कुठे अडकतात ते पाहा.

चापाचे काम सर्वांत शेवटी ठेवा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चापाच्या आतल्या, घोडा अडवून धरणाऱ्या पकडी फार कमी केल्या, तर एका दाबात दोन गोळ्या सुटण्याचा धोका असतो, म्हणून हलका चाप हवा हा आग्रह तेथे धरू नये.

मूळ धागाकर्त्याचे निवेदन

सर, मनःपूर्वक आभार. आपला प्रश्न वाचून आईला विचारले. वडील दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी सायकलच्या स्पोकसारख्या जाड लोखंडी गजाला चिंधी बांधून, नळी तोंडाकडूनच पुसत असत, असे तिने सांगितले. कापसाचा बोळा फिरवला तेव्हा घड्याळातल्या पाचच्या जागी तंतू प्रत्येक वेळी अडकले. भिंगातून पाहिले तर तिथली कड गुळगुळीत झिजून चपटी झाल्यासारखी दिसते.

स्टँडर्ड व्हेलॉसिटीची काडतुसे वापरून आणि बोल्ट सोडून देऊन घेतलेल्या पाच ग्रुपांची सरासरी ३६ मिलिमीटर आली. पहिली गोळी आता पाचपैकी एकाच ग्रुपात बाहेर गेली. रायफल येत्या सोमवारी परवानाधारक कारागिराकडे देत आहे. आपण आणखी एक सांगावे: नळीचे तोंड नव्याने कापून घेताना त्यांच्याकडून कोणत्या गोष्टीची खात्री करून घ्यावी आणि दस्ता मोकळा करण्याचे काम त्याच वेळी करून घ्यावे, की कडेच्या कामाचा परिणाम वेगळा मोजता यावा म्हणून थांबावे?