बाळासाठी जुनी कॉट वापरावी का?

प्रश्न: बाळ ४ महिन्यांचं आहे. नात्यातून सागवानी कॉट मिळतेय, एक बाजू खाली सरकणारी. चालेल का? लोड, मोहरीची उशी, मच्छरदाणी यांतलं काय लागतं?

प्रतिसाद १: सरकती बाजू असेल तर नकोच. खटका झिजला की एक कोपरा सुटतो, कठडा आणि गादीत फट पडते आणि बाळ तिथे अडकतं. अमेरिकेत २०११ पासून अशा कॉटची विक्रीच बंद आहे. दुसरी घेताना गजांमधलं अंतर टेपने मोजा. ६ सेंमीपेक्षा जास्त असेल तर अंग बाहेर निसटतं आणि डोकं अडकतं. जुना रंग सुटत असेल तर त्यात शिसं असू शकतं.

प्रतिसाद २: गादी आतल्या मापाचीच हवी, कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. दाबून सोडली की लगेच वर आली पाहिजे. कापसाची गादी मध्ये खोलगट होते, पालथ्या बाळाचं नाक त्यात रुतू शकतं. लोड, उशी, गोधडी वर्षभर तरी बाहेरच ठेवा, घरचे कितीही म्हणोत. डोकं गोल राहावं म्हणून जागेपणी नजरेसमोर पोटावर खेळवा. झोपवायचं मात्र पाठीवरच.

प्रतिसाद ३: मच्छरदाणी चौकटीला ताणून बांधा, लोंबती नको. बाळ उठून बसायला लागायच्या आत तळ सगळ्यात खालच्या खाचेत न्या. आणि बोल्ट अधूनमधून आवळत जा, लाकूड पावसाळ्यात फुगतं नि उन्हाळ्यात आक्रसतं.