झेनॉन बल्ब घातले तर पोलीस पकडतात का? मदत हवी आहे, तातडीने

सत्तरीकर (मंगळवार, रात्री ११.१०)
मंडळी, पटकन उत्तर हवंय. हेडलाइटला झेनॉन किट घालून घेतोय. म्हापशातल्या एका दुकानदाराने ३५ वॅटचं, ६००० केल्विनचं किट साडेचार हजारांत ठरवलंय. हजार रुपये आगाऊ दिलेत, परवा बसवणार. तो म्हणतो काही होत नाही, सगळे घालतात. मेहुणा म्हणतो गाडी जप्त करतील. चोर्ला घाटात रात्री काही म्हणजे काही दिसत नाही आणि आठवड्यातून तीनदा जावं लागतं. कायदेशीर आहे की नाही, एवढंच सांगा.

अंत्रुजवाला (११.२४)
गाडी कुठली, कुठल्या सालची? बल्ब एच४ की एच७? आत उजेड परतवणारा चकचकीत आरसा (रिफ्लेक्टर) आहे की भिंग (प्रोजेक्टर)? हे कळल्याशिवाय काय सांगणार? फोंड्याला वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, म्हणून विचारतो.

बाब्या_डिचोली (११.३१)
घाल बिनधास्त. माझ्या गाडीला सहा वर्षं झेनॉन आहे, आजवर एकाही पोलिसाने विचारलेलं नाही. पीयूसीला तर दिवे बघतसुद्धा नाहीत. रात्रीचा दिवस होतो रे!

वकील_बार्देश (११.५२)
पकडत नाहीत म्हणजे कायदेशीर आहे असं नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात बाहेरचे सुटे भाग बसवून केलेला बदलही धरलाय आणि शिक्षा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी या बदलावर बोट ठेवणार ते वेगळंच.

बाब्या_डिचोली (बुधवार, सकाळी ७.०५)
वकीलसाहेब, आरसी बुकात बल्ब कुठला ते लिहिलेलं असतं का? नसतं. मग मूळ रचना बदलली कुठे?

वकील_बार्देश (७.४०)
आरसीत नसू दे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वाचा. दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे. साध्या रिफ्लेक्टरमधला झेनॉन हा नियम पाळूच शकत नाही.

सत्तरीकर (८.१५)
गाडी स्विफ्ट, २०१२ ची. बल्ब साधाच, कंपनीचा. बाकी मला कळत नाही. दुकानदाराचा दोनदा फोन आला. हो की नाही?

अंत्रुजवाला (८.३३)
नाही. का ते ऐक. तुझ्या गाडीत एच४ बल्ब आहे, ६०/५५ वॅटचा. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून झोत वरून कापल्यासारखा सरळ दिसतो. झेनॉनमध्ये तार नसतेच. काचेच्या नळीत वायू असतो, बॅलास्ट नावाचा डबा त्यात वीस हजार व्होल्टच्या वर ठिणगी पाडतो आणि विजेचा चाप (आर्क) पेटतो. त्या चापाचा आकार वेगळा, जागाही मिलिमीटरभर इकडेतिकडे. रिफ्लेक्टर तारेसाठी घडवलेला आहे, त्यामुळे उजेड वाटेल तिथे उडतो. काही मोठ्या गाड्यांना कंपनीचाच झेनॉन येतो, पण त्यासोबत त्याच्यासाठीच बनवलेला प्रोजेक्टर असतो आणि बोजा वाढला की झोत आपोआप खाली आणणारी यंत्रणा असते. तुला मिळणार नुसता बल्ब.

आणि ६००० केल्विनचा निळसर उजेड पावसात ओल्या डांबरावर काही दाखवत नाही. धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

रातपाखरू (९.२०)
मी रुग्णालयात नर्स आहे, रात्रपाळीहून स्कूटरने घरी येते. गेल्या जूनमध्ये खांडेपारच्या पुलाजवळ समोरून असलाच निळा-पांढरा दिवा आला. हेल्मेटच्या काचेवर बारीक ओरखडे आहेत, वर पावसाचे थेंब. तो सगळा उजेड त्या ओरखड्यांत भरला आणि डोळ्यांसमोर पांढरं जाळं तयार झालं. रस्त्याची कड गेली, पट्टा गेला. मी ब्रेक दाबून पाय टेकला तेव्हा पुढचं चाक साईडपट्टीच्या खाली उतरलेलं होतं. तो गाडीवाला निघून गेला, त्याला कळलंही नसेल. बाब्यादादा, सहा वर्षांत तुम्हाला पोलिसांनी पकडलं नाही, पण समोरच्याला किती वेळा असं थांबावं लागलं हे तुम्हाला कोण सांगणार?

बाब्या_डिचोली (९.४१)
ताई, तुमचं वाईट वाटलं, खरंच. पण ट्रकवाले, बसवाले अप्पर मारत येतात त्यांना कोणी काही बोलत नाही. आपणच डोळे फोडून घ्यायचे का?

पेडणेकर_मामा (१०.०२)
चोर्ला सोडून द्या, अनमोडमार्गे जा. आणि काचांना काळी फिल्म असेल तर आधी काढा. २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे, माझ्या पुतण्याने गेल्या महिन्यात दंड भरला.

सत्तरीकर (१०.१०)
मामा, फिल्म नाही आणि साखळीहून बेळगावला अनमोडमार्गे कशाला जाऊ? झेनॉन नको तर एलईडी चालेल का? की १००/९० चे बल्ब टाकू?

वकील_बार्देश (१०.२५)
एलईडीलाही कायदा तोच. आणि तुम्ही घाट चढलात की कर्नाटकात शिरता, हे विसरू नका. जुलै २०२४ मध्ये तिथल्या पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती.

अंत्रुजवाला (१०.४८)
१००/९० अजिबात नको. १२ व्होल्टला १०० वॅट म्हणजे एका बल्बला आठ अँपिअरच्या वर. कंपनीची वायर पाचच्या हिशेबाने असते. होल्डर वितळून बल्बला चिकटलेले माझ्याकडे येतात, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावे लागतात.

आता मला सांग, अंधार जाताना वाटतो की येताना? पुढच्या काचा पिवळ्या पडल्यात का? आणि डिपरवर असताना समोरचे तुला लाईट मारतात का?

सत्तरीकर (दुपारी १.३०)
येताना. जाताना एवढं जाणवत नाही. काचा पिवळ्या आहेत, गाडी उन्हातच असते. आणि लाईट मारतात, हो, येताना प्रत्येक जण मारतो! मी डिपरवर असतो तरी. त्याचा काय संबंध?

अंत्रुजवाला (१.३६)
येताना गाडीत काय असतं?

सत्तरीकर (१.४४)
भाजी. साखळीत दुकान आहे माझं. मागची सीट पाडून कोबी, बटाटे, कांद्याची सात-आठ पोती.

अंत्रुजवाला (१.५०)
अरे बाबा, हे पहिल्यांदा सांगायचं होतंस! मागे एवढा बोजा घातल्यावर गाडीचं नाक वर होतं. तुझा डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जातोय आणि वळणावरची जमीन काळीच राहते. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला खाली दिव्यांचा झोत वर-खाली करणारं आकड्यांचं चाक असेल, ते कितीवर आहे?

वकील_बार्देश (२.०५)
खाजगी गाडीतून धंद्याचा माल नेणं हाही प्रश्न आहेच.

सत्तरीकर (२.२०)
वकीलसाहेब, एका वेळी एकच संकट द्या. चाक पाहिलं. शून्यावर आहे. ते एसीचं काहीतरी असेल असं मला वाटायचं.

अंत्रुजवाला (२.४१)
बोजा असेल तेव्हा २ किंवा ३ वर ठेव. काचा पॉलिश करून घे, पिवळेपणा अर्धा उजेड खातो. चांगल्या कंपनीचे ६०/५५ चे नवे बल्ब आणि रिलेचं वायरिंग घाल. रिले घातला की बॅटरीचा करंट थेट बल्बला मिळतो. जुन्या वायरीत दहा टक्के व्होल्टेज गळलं तर उजेड साधारण तीस टक्के कमी पडतो. मग सपाट जागी, रिकामी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर लाव. भिंतीवर दिव्याच्या उंचीची खूण कर. डिपरची वरची कड त्या खुणेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली हवी, डाव्या हाताला थोडी वर चढलेली.

बाब्या_डिचोली (३.१५)
अंत्रुजवाले, रिलेचं वायरिंग माझ्या गाडीला चालेल का? किट काढलं तर होल्डर जुनाच बसेल ना? ताईंचं वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

अंत्रुजवाला (३.२२)
बसेल. घेऊन ये गाडी, रविवार सोडून कधीही.

सत्तरीकर (शनिवार, रात्री १२.४०)
दुकानदाराने रोख परत दिली नाही. हजारांत बल्बची जोडी आणि रिले किट दिलं, वर सातशे घेतले. काचा घासून घेतल्या. आज सात पोती घेऊन आलो, चाक ३ वर. कणकुंबीपासून केरीपर्यंत फक्त एकाने लाईट मारला. वळणावरचे पांढरे दगड दिसत होते, एका ठिकाणी बसलेली म्हैससुद्धा वेळेवर दिसली. देव बरें करूं. पण आता घरी भिंतीवर पाहतोय तर डाव्या दिव्याची रेघच नाही, नुसता गोळा. बल्ब खराब दिला काय?

अंत्रुजवाला (१२.५२)
बल्ब नीट बसलेला नाही. त्याच्या चकतीला तीन कान असतात, ते खाचांत सपाट बसायला हवेत. मागचं रबर काढ, स्प्रिंगची तार सोड, बल्ब काढून पुन्हा बसव. काचेला बोट लावू नकोस, फडक्याने धर.

सत्तरीकर (१.२०)
एक कान बाहेर होता. बसवला. दोन्ही रेघा एका उंचीवर आल्या. पाचला दुकान उघडायचंय, झोपतो.