तांत्रिक साहाय्याची परदेशी नोकरी: किती पगार मागावा?

गिरगावकर (चर्चाप्रस्ताव):

हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्ट किंवा नेटवर्क सपोर्टमध्ये काम करणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या मुलांच्या हाती आखातातले ऑफर लेटर पडले, की पहिला हिशेब रुपयांच्या गुणाकाराचा होतो. दुबईचे ५,००० दिरहॅम २३ च्या भावाने १ लाख १५ हजार दिसतात, आणि ऐरोलीत किंवा मालाडमध्ये रात्रपाळी करून तीस-बत्तीस हजार घरी नेणाऱ्याला तेवढ्यानेच भुरळ पडते. माझे मत असे आहे, की कंपनी राहण्याची सोय करत नसेल तर एकट्या माणसानेही दुबईत ६,५०० दिरहॅमांच्या खाली होकार देऊ नये, आणि त्यातही मूळ वेतन निम्म्याहून बरेच अधिक असल्याशिवाय सही करू नये.

मूळ वेतनाकडे आपली मुले पाहतच नाहीत. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ वेतनाएवढी असते आणि तिच्यात भत्ते धरले जात नाहीत; शिवाय एक वर्ष पूर्ण होण्याआधी सोडले तर तीही मिळत नाही. ५,००० पैकी बेसिक २,५०० दाखवून उरलेली रक्कम घरभाडे, प्रवास आणि 'इतर' या नावांखाली टाकली, की वर्षाची ग्रॅच्युइटी सुमारे १,७५० दिरहॅमांवर येते. बेसिक ४,००० असते तर ती २,८०० झाली असती. इकडे पीएफ कापला गेला की आपण कुरकुर करतो, पण त्यात मालकाचाही वाटा पडत असतो, हे आपल्या लक्षात राहत नाही.

राहिला 'करमुक्त' पगाराचा मोह. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर भरावा लागत नाही, त्यामुळे महिना बत्तीस हजार मिळवणारा मुलगा मुंबईतही करमुक्तच आहे. ज्याला इथे करच नाही, त्याला तिकडच्या करमाफीचे काय कौतुक?

डोंबिवलीकर:

आपला हिशेब कागदावर बरोबर आहे, परंतु ६,५०० ची अट घालणाऱ्या नवख्या मुलाला ऑफरच मिळणार नाही, कारण त्याच जागेसाठी केरळचा, फिलिपिन्सचा आणि पाकिस्तानचा अनुभवी उमेदवार ४,५०० वर तयार बसलेला असतो. मी दुबईच्या करामा भागात राहून याच कामावर होतो, म्हणून आकडे सांगतो. सामायिक खोलीतल्या खाटेला १,००० दिरहॅम, मेट्रो-बसच्या मासिक पासाला ३५०, जेवणखाणाला ९०० आणि फोन व किरकोळ खर्चाला १५० असे २,४०० जात. ५,००० च्या पगारात उरतात २,६००, म्हणजे जवळपास ६० हजार रुपये. मुंबईत आईवडिलांच्या घरी राहूनही बत्तीस हजारांतून इतके मागे टाकता येत नाही, आणि अंधेरीजवळ भाड्याने राहणाऱ्याने तर शिल्लक हा शब्दच विसरावा.

दुसरे असे, की पहिली नोकरी ही आत शिरण्यासाठीच असते. दोन वर्षे तिकडची तिकिटे, म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्रारींच्या नोंदी, सोडवली, अरब, ब्रिटिश आणि फिलिपिनो वापरकर्त्यांना फोनवर सांभाळले, की दुसऱ्या कंपनीत ७,००० मागताना कोणी भुवया उंचावत नाही. जो घरी बसून ६,५०० ची वाट पाहतो, त्याचे वय मात्र वाढत राहते.

वसईकर:

दोघांच्याही हिशेबात एजंट आलेला नाही. अंधेरीतल्या एकाने माझ्या धाकट्या भावाकडे दीड लाख मागितले होते. परदेशातील भरतीसाठी नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च मालकानेच सोसायचा असतो. दीड लाख भरून गेलेल्या मुलाचे पहिले अडीच महिने डोंबिवलीकरांच्या त्या साठ हजारांतून फक्त फेड करण्यात जातील.

मुलुंडकर:

चर्चा एकट्या पुरुषाभोवतीच फिरते आहे, म्हणून लिहिते. माझे यजमान शारजात राहून दुबईला सपोर्टच्या कामावर जात होते. शारजात भाडे कमी पडते हे खरे, पण सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर जाणारा वेळ कोणत्याच पगारपत्रकावर दिसत नाही. कुटुंबाचा व्हिसा काढण्यासाठी पगार ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि निवास, एवढा पुरतो, असे वाचून आम्ही सुरुवातीला हुरळलो होतो. ती अट पूर्ण होणे आणि तेवढ्यात घर चालणे या फार वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे घराचा करार वर्षाचा, भाड्याचे धनादेश आगाऊ द्यायचे, आणि मुलांच्या शाळेची फी वेगळी. आम्ही मुलुंडलाच राहिलो आणि दोन चुली पेटत राहिल्या. गिरगावकरांचे ६,५०० आणि डोंबिवलीकरांचे ५,००० या दोन्हींमध्ये दुसऱ्या चुलीचा खर्च कुठे आहे? ज्याच्या घरी बायको, मूल आणि घराचा हप्ता आहे, त्याने साठ हजारांच्या शिल्लकीला शिल्लक म्हणू नये.

पार्लेकर, सध्या म्युनिक:

युरोपबद्दलचे गैरसमजही येथेच दूर व्हावेत. जर्मनीच्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे कुशल परदेशी माणसाच्या तिथल्या काम व वास्तव्याच्या परवान्यासाठी, २०२५ मध्ये आयटी क्षेत्रातली किमान पगाराची मर्यादा वर्षाला ४३,७५९.८० युरो होती; पदवी नसली तरी अनुभवावर अर्ज करता येतो, परंतु काम पदवीधराच्या दर्जाचे असावे लागते, आणि पासवर्ड बदलून देण्याचे काम त्यात सहसा बसत नाही. बसले तरी, एकट्या माणसाच्या हातात कर आणि विमा वजा जाता महिन्याला साधारण २,४०० युरो येतात. त्यातून म्युनिकमध्ये एका खोलीला ८०० सहज जातात, आणि घर घेताना मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत मागितली जाते. याची जमेची बाजू अशी, की कापलेल्या रकमेतून आरोग्यविमा, बेकारी विमा आणि निवृत्तिवेतन उभे राहते; आखातातल्या शिल्लकीशी तुलना करताना हे विसरू नये. आणि जर्मन भाषा येत नसेल, तर वापरकर्त्यांचे फोन घेण्याचे काम मिळण्याची आशा फारशी धरू नये.

गिरगावकर:

मुलुंडकर ताईंचे म्हणणे माझ्याच बाजूचे आहे, असे मी समजतो. डोंबिवलीकरांना मात्र विचारावेसे वाटते, की बाजारात ४,५०० वर माणूस मिळतो म्हणून आपणही तेवढ्यावरच जायचे, तर हा आकडा वर कधी जायचा? सिंगापूरने हा प्रश्न मुलांवर सोडलेला नाही. तिथे एस पाससाठी, म्हणजे मध्यम कौशल्याच्या परदेशी कामगाराच्या परवान्यासाठी, नव्या अर्जदाराचा किमान पगार सप्टेंबर २०२५ पासून महिन्याला ३,३०० सिंगापूर डॉलर आहे, वयानुसार तो वाढतो, आणि शिवाय मालकाला अशा प्रत्येक कामगारामागे सरकारला महिन्याला ६५० डॉलरांची लेव्ही, म्हणजे शुल्क, भरावी लागते, जी कामगाराच्या पगारातून वळती करता येत नाही. स्वस्तात माणूस आणण्याची वाट तिथे सरकारनेच अरुंद केली आहे. अमिरातीत हेल्पडेस्कच्या कामाला असा मजबूत आधार नसल्याने तो आकडा ज्याचा त्याने धरून ठेवायला हवा.

डोंबिवलीकर:

आकडा धरून ठेवायला घरात दुसरी मिळकत लागते, आणि ती गिरगावात असेल, सर्वांकडे नसते. बेसिकचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. माझ्याकडे सल्ला मागणाऱ्या मुलाला मी एवढेच सांगेन, की ५,००० घ्या, पण त्यात ३,००० बेसिक लिहून घ्या. परतीचे तिकीट आणि विमा करारात आहे का ते पाहा. वसईकर म्हणतात तसे एजंटला जादा पैसे देऊ नका. आणि चाचणीचा काळ सहा महिन्यांहून अधिक लिहिलेला असेल तर तिथेच बोट ठेवा, कारण तिथल्या कायद्यात तेवढीच मर्यादा आहे. घरी बायको-मुले असतील तर प्रथम मुलुंडकर ताईंचा प्रतिसाद त्यांना वाचायला द्या आणि मग दोघांनी मिळून ठरवा.