आपल्या घाटांना मिडलवेट नेकेडच हवी, चारशेवर भागत नाही

घाटवेडा
गेल्या रविवारी वाईला नाश्त्याला थांबलो होतो तेव्हा आमच्या ग्रुपात जोरदार वाद झाला, तोच इथे मांडतोय. निम्मे लोक आता म्हणायला लागलेत की केटीएमची 390 ड्यूक आहे, ट्रायम्फची स्पीड 400 आहे, दोन्ही एका सिलिंडरच्या, दोन्ही आपल्या चाकणला बनतात, सर्व्हिस दारात, मग 650 ते 800 सीसीची मिडलवेट नेकेड, म्हणजे वारा अडवणारं फेअरिंगचं कव्हर नसलेली बाईक, घेऊन जास्तीचं मिळतं काय? मला हे अजिबात पटत नाही. माझ्याकडे 2023 ची ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल 765 आर आहे, 17,000 किमी झालेत, आणि सह्याद्रीतल्या घाटांसाठी याच्याइतकी योग्य बाईक दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे.

का ते सांगतो. ताम्हिणीत चढावर तिसरा गिअर टाकला की टाकला, मग वळण केवढंही असो, 4,000 आरपीएमपासून तीन सिलिंडरचं इंजिन असं ओढतं की गिअरला पाय लावायची गरज पडत नाही. वळणात शिरताना थ्रॉटल मिटला की इंजिनच वेग आवरतं, पुढच्या ब्रेकवर दोन बोटं नुसती टेकवायची म्हणजे फोर्क (पुढचं सस्पेन्शन) जरासा दबतो आणि पुढचं चाक रस्त्यावर बसतं, नजर वळणाच्या शेवटाकडे, आणि रस्ता उघडा दिसला की मनगट हळूच फिरवायचं. मागचं टायर ढकलतंय हे सीटमधून कळतं. सिंगल सिलिंडरवर त्याच जागी दुसरा गिअर, मग परत तिसरा, सगळं लक्ष त्यातच जातं.

वजन 189 किलो. कावासाकी झी 900 212 च्या आसपास भरते, लिटरवाल्यांची, म्हणजे हजार सीसीच्या बाईकची, ताकद तर आपल्या रस्त्यांवर उघडताच येत नाही. आणि नेकेड का, तर 110 च्या पुढे वारा छातीवर असा आदळतो की हात आपोआप सैल सोडावा लागतो. फेअरिंगच्या आड 140 कधी झाले ते कळतही नाही, हा फरक माझ्या दृष्टीने फार मोठा आहे.

शेवटचा मुद्दा ओव्हरटेकचा. दोन पदरी रस्त्यावर एसटीच्या मागे अडकलात की समोरच्या बाजूला जितका कमी वेळ राहाल तितकं बरं. 60 वरून 100 ला ही बाईक बघता बघता जाते आणि मी परत माझ्या लेनमध्ये असतो. ताकद ही सेफ्टी आहे, असं मी म्हणतो.

चाकणकर390
भावा, तुझं वर्णन वाचून छान वाटलं पण शेवटचा मुद्दा साफ चुकीचा आहे आणि तोच सगळ्यात धोक्याचा आहे म्हणून आधी त्यावर बोलतो. ताकद असली की तू 390 वाल्याच्याच गॅपमध्ये ओव्हरटेक करत नाहीस, तू त्याच्यापेक्षा लहान गॅपमध्ये घुसतोस. मी स्वतः दीड वर्ष एक ट्विन सिलिंडर नेकेड चालवली, शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर, कुठली ते सांगत नाही. कुंभार्लीत एका ट्रकच्या मागून निघालो, समोरची जीप लांब होती, माझ्या हिशेबाने आरामात बसत होतं, आणि ट्रकवाल्याने खड्डा चुकवायला गाडी उजवीकडे घेतली. माझ्या हँडलच्या टोकात आणि त्याच्या हौद्यात वीतभर जागा राहिली असेल. 390 असती तर मी निघालोच नसतो, मागे बसून राहिलो असतो. त्या दिवशी घरी येऊन बाईक झाकली आणि दोन महिन्यांत विकली.

आता बाकीचं. नवी 390 म्हणजे 46 पीएस (साधारण तेवढीच हॉर्सपॉवर), 168 किलो. घाटात तिची सगळी ताकद वापरता येते, रेव्ह करता येते, गिअर पाडता येतात, ब्रेक उशिरा लावून चूक झाली तरी सावरायला जागा राहते. तुझ्या 120 पीएसमधले ताम्हिणीत तू किती वापरतोस, प्रामाणिकपणे सांग. चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा 80 ची आहे, तुझी बाईक पहिल्या गिअरमध्येच तिथे पोचते. वर पाच गिअर उरतात ते कुठे वापरणार? द्रुतगती मार्गावर बंदी, सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी.

घाटवेडा
तुझा कुंभार्लीचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, आणि लहान गॅपमध्ये घुसायचा मोह होतो हे मी नाकारत नाही. पण तो माझ्या मनगटाचा दोष झाला, इंजिनाचा नाही. मी नियमच केलाय, 390 वर असतो तर निघालो असतो का हे आधी स्वतःला विचारायचं, उत्तर हो असेल तरच निघायचं, आणि मग जी जास्तीची ताकद आहे ती शिल्लक म्हणून हाताशी ठेवायची.

आणि 120 पीएसमधले किती वापरतो, तर निम्मेही नाही. वापरायचे नाहीतच. मला हवा तो टॉर्क आणि त्याची गुळगुळीत डिलिव्हरी, ती सिंगलमध्ये येत नाही. याच 765 सीसी इंजिनावर बेतलेल्या रेसिंग इंजिनवर 2019 पासून मोटो2 शर्यतींच्या सगळ्या बाईक धावतायत, आणि हेच इंजिन मला सकाळच्या धुक्यात 35 च्या स्पीडने चौथ्या गिअरमध्ये न गचकता नेतं, यासाठी मी पैसे दिलेत.

पाचगणी_पायथा
दोघांनाही उत्तर आहे आणि ते म्हणजे ॲडव्हेंचर, उंच सस्पेन्शनची, खराब रस्त्यावर चालणारी बाईक. तुम्ही रस्ता गुळगुळीत धरून चाललायत. पसरणीचा चांगला पट्टा, ताम्हिणीचा चांगला पट्टा, बास, बाकी काय? जुलैमध्ये वरंधात जाऊन दाखवा, निम्मा काळ तो घाट दरडींमुळे बंदच असतो आणि उघडतो तेव्हा रस्त्यावर माती. स्ट्रीट ट्रिपलचा फोर्क 115 मिलिमीटर हलतो, माझ्या रॉयल एन्फिल्ड हिमालयन 450 चा 200. हा आकडा कागदावर छोटा वाटतो पण खड्ड्यात पुढचं चाक गेलं की मनगट आणि कंबर दोन्हीकडून कळतो. माझी कंबर एका नेकेडनेच गेली, फिजिओकडे तीन महिने जात होतो. आता 40 पीएसवर खूश आहे आणि जिथे डांबर संपतं तिथून माझी राईड सुरू होते.

घाटवेडा
डांबर संपल्यावर हिमालयन, मान्य, त्यात वादच नाही. पण मी बोलतोय डांबरावरच्या वळणांबद्दल. तिथे उंच सस्पेन्शनची बाईक ब्रेकवर नाक खाली घालते, मग उचलते, तो झोका मला नको असतो. पावसात मी रेन मोड टाकतो, ताकद कमी होते, कॉर्नरिंग एबीएस (वळणात झुकलेलं असतानाही ब्रेकने चाक लॉक होऊ न देणारं) आहे, आणि वळणाच्या आतल्या कडेला शेवाळ असतं तिथे जातच नाही. डंपरने सांडलेली खडी आणि डिझेलचा इंद्रधनुष्यी डाग, या दोन गोष्टींना कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स वाचवत नाही, तिथे डोळेच लागतात.

हिशेबनीस
मी खर्चावर बोलतो कारण ते कुणीच बोलत नाहीये. आर मॉडेल 2023 ला आलं तेव्हा एक्स-शोरूम 10.17 लाख होतं, रस्त्यावर येईस्तोवर बाराच्या वर. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या बाईकचा जीएसटी 31 टक्क्यांवरून 40 वर गेला आणि खालच्यांचा 28 वरून 18 वर आला. चाकणकर, तुझी 390 पण 399 सीसीची, त्यामुळे तीही 40 मध्येच, फक्त कमी रकमेवर. मग रोड टॅक्स, मग इन्शुरन्स. मागचं 180 चं टायर सॉफ्ट कंपाउंडचं घेतलं तर सात-आठ हजार किमीत मधोमध झिजून चौकोनी होतं, कारण घाटापर्यंत जायला आधी शंभर किमी सरळ हायवे असतो. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, व्हॉल्व क्लिअरन्स.

माझ्याकडे चार सिलिंडरची नेकेड होती. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पडली, क्लच लिव्हर आणि रेडिएटरचं एक कव्हर गेलं, आणि त्या कव्हरसाठी मी 11 आठवडे थांबलो. बाईक चालू, पावसाळा संपलेला, बाहेर हिरवंगार, आणि मी रोज सकाळी शोरूमला फोन करतोय. कंपनीचं नाव घेत नाही. घेणाऱ्याने एवढंच विचारावं की वर्षातून किती दिवस ती खरंच निघणार आहे. मी डायरी ठेवली होती, वर्षात 31 दिवस.

घाटवेडा
31 दिवस हा आकडा वाचून मी माझा हिशेब काढला. माझे गेल्या वर्षी 58 झाले. रविवार पहाटे पाचला निघायचं, नऊच्या आत परत, म्हणून ट्रॅफिक लागत नाही आणि घरच्यांचा रविवारही जात नाही. पण पार्टसाठी थांबणं ही खरी गोष्ट आहे, आमच्या ग्रुपात जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी भोगलंय, मी पण आता लिव्हरचा एक सेट घरात आणून ठेवलाय.

नेकरकाठचा
स्टुटगार्टहून लिहितोय, मूळचा सांगलीचा. तुमच्या वादात एक गोष्ट राहतेय ती म्हणजे लायसन्स. इथे 18 व्या वर्षी मिळतं ते ए2, म्हणजे 35 किलोवॅट, साधारण 48 पीएस, म्हणजे बरोब्बर चाकणकरांची 390. दोन वर्षं ती चालवा, मग परत प्रॅक्टिकल परीक्षा द्या, तेव्हा कुठे मोठी. थेट मोठी हवी तर वय 24. ए2 वाल्याला मोठी बाईक ताकद आवळून चालवता येते पण तिची मूळ ताकद 70 किलोवॅटच्या वर चालत नाही, म्हणून इथे कंपन्या मुद्दाम 95 पीएसची व्हर्जन विकतात. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं की त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी 120 पीएस घेता येते. मी स्वतः पहिल्या दिवशी हे केलं असतं तर आज इथे लिहायला असतो का, मला खात्री नाही. घाटवेडा, तू आधी काय चालवायचास?

घाटवेडा
पल्सर 150 कॉलेजात, मग जुनी 373 सीसीची 390 चार वर्षं. तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं की पहिली मोठी बाईक म्हणून 765 कुणी घेऊ नये. आमच्या ग्रुपात एक 22 वर्षांचा मुलगा स्कूटरवरून थेट यावर येऊ पाहत होता, वडील पैसे द्यायला तयार होते, मी त्या वडिलांना जाऊन भेटलो आणि नको म्हणालो. मुलगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

चाकणकर390
हे वाचून तुझ्याबद्दल आदर वाटला. पण बघ, तू स्वतःच म्हणतोयस की आधी चार वर्षं 390. मग तुझ्या शीर्षकातलं "चारशेवर भागत नाही" हे वाचून जो मुलगा उद्या शोरूमला जाईल त्याचं काय? तुझं भागत नाही, कारण तू चार वर्षं भागवून झालायस.

घाटवेडा
हे बरोबर आहे. शीर्षक आता बदलता येत नाही, पण माझ्यापुरतं मत तेच राहणार, मी परत सिंगलवर जाणार नाही.

सिंहगडरोडची
सगळं वाचलं, आता माझं विचारते. तीन वर्षं स्पीड 400 सारखीच एक बाईक चालवतेय, त्याआधी ॲक्टिव्हा. उंची पाच फूट दोन. स्ट्रीट ट्रिपल आरची सीट 826 मिलिमीटर, शोरूममध्ये बसले तर दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकतात. सेल्समन म्हणाला सवय होते. कावासाकी झी 650 ची सीट 790 आहे, ट्रायम्फ ट्रायडेंट 660 ची 805. माझ्या 90 टक्के राईड ताम्हिणी आणि पसरणीच्याच. काय घेऊ?

चाकणकर390
ताई, सपाट फरशीवर बसून ठरवू नका. बाईक जरा उतारावर उभी करायला सांगा, उजवा पाय ब्रेकवर ठेवून फक्त डाव्या पायावर तोला, मग पाय बदला. ताम्हिणीत भजीच्या टपरीसमोर खडीवर थांबताना हेच करावं लागतं, आणि तिथेच माणसं पडतात. 765 ला ते जमलं नाही तर झी 650. 68 पीएस तुम्हाला पुष्कळ होतील.

घाटवेडा
उताराची टेस्ट कराच, त्यात मी त्याच्याशी सहमत आहे. पण झी 650 चं इंजिन वरच्या आरपीएमला लवकर दमतं, ट्रायडेंटचे तीन सिलिंडर तुम्हाला वळणातून बाहेर पडताना जास्त आवडतील असं वाटतं, आणि 805 म्हणजे 826 पेक्षा दोन सेंटिमीटर कमी, बुटाच्या जाड सोलने उरलेला फरक निघतो. दोन्ही एकाच दिवशी चालवा, सकाळी नाही तर भर दुपारी, सिग्नलला फॅन सुरू झाल्यावर मांडीला गरम हवा किती लागते ते तेव्हाच कळतं.

सिंहगडरोडची
शनिवारी दुपारी दोन्हीकडे टेस्ट राईड घेतलीय. उताराचं विचारलं तर एकाने बेसमेंटच्या रॅम्पवर करा म्हणून सांगितलं.