मायसनच्या कपबशीवर छत्रीवाला चिनी माणूस: जुना की नंतरचा?

वाडा_जालना
जालन्यातल्या एका वाड्याच्या अडगळीतून चिनीमातीची कपबशी निघाली. कपाला कान आहे. सोनेरी नक्षीच्या चौकटीत छत्रीवाला चिनी माणूस, वर माणसाएवढाले पक्षी. तळाला दोन निळ्या तलवारी. १७२५ चं मायसन (जर्मनीतला चिनीमातीचा कारखाना) धरायचं का? मळ कशानं काढावा?

भट्टीवाला
तलवारींवर भरवसा नको, ती खूण ढिगानं नकलली गेली. आधी सोनं बघा. भट्टीतून चकाकतच निघणारं पातळ, द्रवरूप सोनं १८२७ च्या सुमारास आलं, तेही मायसनमध्येच. त्याआधीचं सोनं भट्टीतून मंद निघायचं आणि अकीकानं घोटून चमकवावं लागायचं. ते जाडसर, मऊ झळाळीचं दिसतं. भिंगाखाली घोटल्याच्या रेघाही कधी कधी सापडतात. आरशासारखं पिवळंधमक असेल तर माल नंतरचा, किंवा मुलामा तरी नवा.

मग बोट फिरवा. तलवारी झिलईखाली (वरच्या काचेसारख्या थराखाली) असायला हव्यात, म्हणजे बोटाला लागणार नाहीत. चित्राचे रंग झिलईवरचे, ते किंचित लागतात. तलवारींवर आडवा काप असेल तर तुकडा बहुधा पांढराच विकला गेला आणि रंगकाम बाहेर झालं.

चित्र तर मायसनचा मुख्य चित्रकार हेरोल्ट याच्या वळणाचं वाटतं. तो १७२० मध्ये व्हिएन्नाहून मायसनला आला. त्याच्या चित्रकारांनी चीन पाहिलेला नव्हता. छापचित्रं आणि कल्पना, एवढंच भांडवल. म्हणून माणसं पुढच्या काठावर रांगेत आणि पाखरं अवाढव्य. चौकटीत जांभळट, मोरपिसासारखी झाक आहे का तेही बघा, ती जुन्या मायसनची खूण.

कोबाल्ट
नुसत्या कानावरून काळ ठरत नाही. सुरुवातीच्या चहाच्या वाट्या चिनी धर्तीच्या, बिनकानाच्या असत, पण कानवालेही त्याच काळात होते.

टवका उडालाय का? मायसन कडक पोर्सेलीन, म्हणजे कडक जातीची चिनीमाती (भाजणी १४०० अंशांच्या आसपास); ते काचेसारखं फुटतं. मऊ जातीचा टवका साखरेसारखा रवाळ दिसतो, आणि तळाच्या बिनझिलईच्या कडेत मळ मुरतो. मऊ जातीच्या बऱ्याच वाट्या उकळत्या चहानं तडकायच्या. वूस्टर या इंग्लंडमधल्या कारखान्यानं १७५१ पासून मातीत शंखजिरं घातलं, त्यांचा माल टिकला.

झिलईवरचे रंग साधारण ८०० अंशांवर बसतात. आच जास्त झाली की लोहाचा लाल आधी उडतो. लाल फिका आणि बाकी रंग ठीक, तर नकलेचा संशय लगेच घेऊ नका.

वाडा_जालना
सोनं आरशासारखंच आहे. काप नाही. कानाला जुना डिंक दिसतोय.

भट्टीवाला
मग १८३० च्या अलीकडचं धरा, निदान मुलामा तरी. डिंक आहे तर भिजत घालू नका, कान सुटेल. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, सुती फडक्यानं हलकं पुसा. टबात खाली टॉवेल अंथरा. राख, चिंच, लिंबू, ब्लीच काही नको. सोनं आणि रंग दोन्ही जातात. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटी आरओचं पाणी घ्या.

ताडून बघायचं तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय बरं, युरोपियन पोर्सेलीन तिथं भरपूर आहे.